न आलेल्या पाद्र्यांचं चर्च

२० जानेवारी १३२० हा रविवार होता. त्या दिवशी इटलीतल्या व्हेरोना शहरात, दुओमोला, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलला खेटून असलेल्या सांत एलेना नावाच्या छोट्याशा चर्चमध्ये एक व्याख्यान झालं. विषय होता: पाणी आपल्या नैसर्गिक जागी असताना कुठेही जमिनीपेक्षा उंच असू शकतं का? वक्त्याचं वय चोपन्न. फ्लॉरेन्सनं त्याला हद्दपार करून अठरा वर्षं झाली होती आणि गावात पाऊल टाकलं असतं तर मरण ठरलेलं होतं. ‘डिव्हाइन कॉमेडी’ या त्याच्या महाकाव्यातला नरकाचा भाग लिहून झाला होता, तो लोकांच्या हातात फिरतही होता. स्वर्गाचा भाग शेवटाला आला होता. अशा वेळी दान्ते आलिगिएरी व्हेरोनाच्या पाद्र्यांसमोर उभा राहून पाणी आणि माती यांच्या पातळीवर बोलत होता.

मला ही हकिकत कळली तेव्हा आधी हसू आलं. मग वाटलं, ही जागा बघायला हवी.

व्हेरोनाला जाणाऱ्या बहुतेकांची पावलं ज्युलिएटच्या घराकडे वळतात. कधीही न झालेल्या मुलीची ती गॅलरी, खाली रांग, रांगेत फोन वर धरलेले हात. आम्ही लांबूनच बघितलं आणि पुढे झालो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी मावशी. मावशी साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नदी दिसली की ती अजूनही आधी विचारते, ‘वाहते कुठल्या दिशेला?’ आदिजे नदी व्हेरोनाला असा मोठा वळसा घालते की जुनं शहर जवळजवळ तिच्या मिठीतच आहे. दुओमो या वळणाच्या अगदी टोकाशी. तिथून पोन्ते पिएत्रा, म्हणजे दगडी पूल, जवळच आहे. रोमनांनी बांधलेला. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी तो सुरुंग लावून उडवला आणि पुढे नदीतले दगड काढून व्हेरोनाकरांनी तो पुन्हा उभा केला. मावशी पुलावर बराच वेळ थांबली. मला चर्चची घाई.

दुओमो भव्य आहे. लाल संगमरवराचे जाडजूड खांब, डाव्या हाताला पहिल्याच कोनाड्यात टिशियननं रंगवलेली मेरी, दारावर राखण करणारे रोलां आणि ऑलिव्हिए हे दोन दगडी वीर. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही. आम्हाला जायचं होतं डावीकडच्या दारानं पलीकडे, जिथे दुओमोच्या मागच्या अंगाला दोन लहान चर्चं एकमेकांच्या शेजारी आहेत. एक सांत एलेना, दुसरं सान जोव्हान्नी इन फोन्ते. दुसरं बाप्तिस्म्याचं.

दार ओलांडलं की गर्दी संपते. सांत एलेनाचं मूळ बांधकाम नवव्या शतकातलं. १११७ च्या जानेवारीत इथे मोठा भूकंप झाला. व्हेरोनाच्या प्रसिद्ध रोमन रिंगणाच्या बाहेरच्या भिंतीचा आज उरलेला तुकडा दिसतो ना, ती पडझड बहुतांशी त्याच भूकंपाची मानतात. त्या हादऱ्यानंतर हे चर्चही नव्यानं उभं करावं लागलं. आत एकच दालन, वर लाकडी छप्पर, भिंती बऱ्याचशा उघड्या. सोनं नाही, ढगांतून उतरणारे गुबगुबीत देवदूत नाहीत. कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांचं हे रोजच्या वापरातलं चर्च होतं, आणि ते तसंच दिसतं. कामाचं.

नजर वर जाण्याऐवजी इथे खाली जाते, कारण जमीन उकरून ठेवलेली आहे. चर्चखाली चौथ्या-पाचव्या शतकांतल्या दोन जुन्या चर्चचे अवशेष सापडले. पहिलं लहान पडलं म्हणून त्याच्यावर दुसरं बांधलं, ते पडलं, मग त्याच्यावर हे. खांबांचे बुंधे आणि रंगीत खड्यांच्या फरशीचे तुकडे आता आपल्या पायांच्या पातळीच्या खाली दिसतात. फरशीत भौमितिक नक्षी आहे, आणि नक्षीच्या अधेमधे अक्षरं. अमक्यानं किंवा अमकीनं आपल्या माणसांसह इतके फूट फरशी करून दिली, अशी ती देणगीदारांची नावं. देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेली फरशी ज्यानं पाहिली आहे त्याला भाषांतर लागत नाही. मावशी वाकून बघत म्हणाली, ‘फूट मोजून लिहिलेत म्हणजे वर्गणी गोळा करणारा माणूस पक्का होता.’

तर या फरशीवर, म्हणजे तिच्या वर आलेल्या पुढच्या फरशीवर, दान्ते उभा राहिला.

वाद मांतुआत सुरू झाला होता, असं या व्याख्यानाच्या लिहून ठेवलेल्या मजकुरात तो स्वतःच सांगतो. तिथे हा प्रश्न निघाला, लोकांनी सत्यापेक्षा दिखाव्यासाठीच त्यावर बरीच चर्चा केली आणि निकाल न लावता तसाच सोडून दिला. लहानपणापासून सत्याच्या ओढीत वाढलेल्या दान्तेला हे सहन होईना. हा प्रश्न आज आपल्याला बालिश वाटतो, पण त्या काळच्या विज्ञानात तो खरोखरचा पेच होता. ॲरिस्टॉटलच्या मांडणीप्रमाणे चार तत्त्वांचे चार गोल, एकात एक बसवलेले. सगळ्यांत जड माती, म्हणून ती मध्यात, तिच्याभोवती पाणी, मग हवा, मग अग्नी. हे खरं असेल तर पृथ्वी सगळीकडून पाण्याखाली असायला हवी. मग आपण कोरडे कसे? एक पक्ष म्हणायचा, पाण्याच्या गोलाचं केंद्र मातीच्या केंद्रापासून सरकलेलं आहे. म्हणून एका बाजूला जमीन उघडी पडते आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा फुगवटा जमिनीहून उंच असतो.

दान्ते रीतसर चालतो. आधी पूर्वपक्ष, प्रतिपक्षाचे पाच मुद्दे, एकेक क्रमानं. पाणी हे मातीपेक्षा श्रेष्ठ तत्त्व, म्हणून त्याची जागाही उंच हवी. पाणी चंद्राच्या मागे जातं, चंद्राची कक्षा केंद्रापासून सरकलेली, म्हणून पाण्याचीही तशीच असणार. आणि एक खलाशांचा मुद्दा: समुद्रात गेलेल्या खलाशाला डेकवरून किनारा दिसत नाही, पण डोलकाठीवर चढला की दिसतो. त्या अर्थी जमीन पाण्याच्या खाली आहे.

हे मी मावशीला बाकावर बसून सांगत होते. तिनं मला तिथेच अडवलं.

‘अगं, पण हे तर उलट आहे. मधे पाण्याची गोलाई येते म्हणून दिसत नाही. सातवीच्या पुस्तकात जहाजाचं चित्र असायचं.’

‘दान्तेही तेच म्हणतो, मावशी. डोळा आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याचा बाक आड येतो.’

‘मग या मुद्द्याला पूर्ण मार्क.’

पुढे तो साध्या अनुभवावर येतो. नद्या डोंगरातून समुद्राकडे वाहतात, समुद्रातून डोंगराकडे नाही. पाणी उतार शोधतं. समुद्र जमिनीपेक्षा उंच असता तर तो जमिनीवर उतरला असता. म्हणजे जमीनच वर आलेली आहे, तिला एका बाजूला फुगवटा आहे. तो कशामुळे? इथे मात्र दान्ते ताऱ्यांकडे वळतो. आठव्या गोलातले, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या गोलातले तारे उत्तरेकडच्या जमिनीला वर खेचतात, जसं लोहचुंबक लोखंडाला. मावशीच्या मते इथे मार्क कापायला हवेत, पण शून्य नाही. जमीन कुठल्या तरी बळानं वर आली हे त्याला कळलं होतं, बळाचं नाव चुकलं.

नेमका हाच भाग अभ्यासकांना खटकतो. कारण दान्तेच्याच नरकाच्या शेवटी जमिनीची वेगळी कथा आहे: सैतान आकाशातून दक्षिण गोलार्धावर कोसळला, तेव्हा तिथली जमीन भीतीनं समुद्राखाली दडली आणि आपल्या बाजूला वर निघाली. एकच माणूस दोन उत्तरं देतो. मला यात काही अडचण दिसत नाही. कवितेत सैतान पडू शकतो. पाद्र्यांसमोर तर्क करायचा तर तारेच लागतात.

उघड्या पडलेल्या जमिनीचा आकार तो अर्धचंद्रासारखा सांगतो. तिची रुंदी विषुववृत्तापासून उत्तरेकडे, आणि लांबी पश्चिमेला हर्क्युलिसच्या गादेसपासून, म्हणजे स्पेनच्या कादिझपासून, पूर्वेला गंगेच्या मुखापर्यंत. एकशे ऐंशी अंश, अर्धी पृथ्वी. गंगासागरला जग संपतं! त्याच्या महाकाव्यातही सूर्य गंगेतून उगवतो. व्हेरोनातल्या या थंड चर्चमध्ये, ऐन जानेवारीत, त्यानं ‘गांजेस’ हा शब्द उच्चारला असणार. समोर बसलेल्यांपैकी कोणी गंगा पाहिली असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. त्यानंही पाहिली नव्हती. त्यांच्या दृष्टीनं ती एक रेघ होती, नकाशाची किनार. मावशीला ही गोष्ट चर्चमधल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आवडली. ‘म्हणजे सुंदरबनात उभं राहिलं की पुढे काहीच नाही, फक्त पाणी. आणि आपण सातारकर त्याच्या नकाशात बसतो की!’ बसतो, बरेच पूर्वेकडे, पण बसतो.

आता त्या न आलेल्यांबद्दल. लिखाणाच्या शेवटी दान्ते नोंद करतो की हे सगळं आपण व्हेरोनाच्या समस्त धर्माधिकाऱ्यांसमोर मांडलं, काही जण सोडून. आणि ते काही जण कोण, तर त्यांच्या मनात प्रेमाचा असा काही भडका उडालेला आहे की ते दुसऱ्याचं आमंत्रण स्वीकारत नाहीत. नम्रता एवढी की दुसऱ्याच्या मोठेपणाला आपली संमती आहे असं दिसू नये म्हणून त्याच्या भाषणाला जाणंच टाळतात. स्वतःला मात्र तो खऱ्या तत्त्वचिंतकांमध्ये सगळ्यांत लहान म्हणवून घेतो. लॅटिनमध्ये, अत्यंत सोवळ्या शब्दांत, हे असले चिमटे.

हे वाचलं तेव्हा मला दान्ते पहिल्यांदा माणूस वाटला. नाकावरून खाली बघणारा, डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला तो पुतळ्यांमधला दान्ते नव्हे. व्हेरोनाच्या पियाझ्झा देई सिन्योरीमध्ये १८६५ सालचा असाच एक पुतळा आहे, हनुवटीला हात लावून विचारात पडलेला. इथला दान्ते आमंत्रणं पाठवून कोण आलं, कोण नाही, हे लक्षात ठेवणारा आहे. लिहून का ठेवतो आहे तेही तो सांगून टाकतो: माझ्या पाठीमागे मत्सरी लोक माझं बोलणं फिरवून सांगतील, म्हणून मीच माझ्या हातानं लिहून ठेवतो.

त्याला एवढं लागायचं कारण होतं. त्याच सुमारास बोलोन्याचा एक विद्वान, जोव्हान्नी देल व्हिर्जिलिओ, त्याला लॅटिन पद्यात पत्र पाठवून विचारत होता की एवढा गंभीर विषय तू बाजारातल्या लोकांच्या भाषेत का उधळतोस? रानडुकरांपुढे मोती टाकू नकोस, पंडितांसाठी लॅटिनमध्ये लिही. दान्तेनं उत्तर लॅटिन पद्यातच दिलं आणि बोलोन्याला जायला नकार दिला. पण टोमणा बसलाच असणार. लोकभाषेत लिहिणारा कवी म्हणून ख्याती मिळालेली आणि विद्वानांच्या पंगतीत मात्र पाट नाही. व्हेरोनाचा सत्ताधीश कांग्रांदे देल्ला स्काला याच्या राज्यात त्यानं आश्रित म्हणून काही वर्षं काढली होती. दुसऱ्याच्या घरचे जिने चढणं-उतरणं किती कठीण, हे त्यानं लिहून ठेवलंच आहे. अशा माणसाला एका रविवारी, परक्या गावातल्या एका छोट्या चर्चमध्ये, शास्त्रातला प्रश्न शास्त्राच्या भाषेत सोडवून दाखवायचा होता. आणि ज्यांनी यायला हवं होतं त्यातले काही आले नाहीत.

या लिखाणाची मूळ हस्तलिखित प्रत मिळालेली नाही. ते छापून आलं थेट १५०८ मध्ये, व्हेनिसला, मोंचेत्ती नावाच्या साधूनं काढलेल्या आवृत्तीत. त्यामुळे ते बनावट आहे असं पुष्कळांनी म्हटलं. पुढे दान्तेचा मुलगा पिएत्रो याच्या भाष्यात या व्याख्यानाचा उल्लेख आढळला आणि पारडं खरेपणाकडे झुकलं. माझा पुरावा विद्वानांच्या उपयोगाचा नाही, पण मला तेवढा पुरतो: न आलेल्यांवरचा तो राग. दोनशे वर्षांनी बनावट मजकूर रचणाऱ्याला व्हेरोनाच्या चार पाद्र्यांचं एवढं काय लागलं असतं?

सांत एलेनातून लगेच शेजारी सान जोव्हान्नी इन फोन्ते. भूकंपानंतर ११२३ मध्ये नव्यानं बांधलेलं. मधोमध बाप्तिस्म्याचा अष्टकोनी हौद, सुमारे १२०० सालचा, एकाच दगडातून कोरलेला. ब्रिओलोतो या शिल्पकाराचं नाव त्याला जोडतात. दगड केवढा असेल याचा अंदाज हौदापाशी उभं राहिल्याशिवाय येत नाही. खोली जणू त्याच्याभोवती नंतर बांधली आहे. आठ बाजूंवर आठ प्रसंग: देवदूताचा निरोप, जन्म, मेंढपाळ, पूर्वेचे राजे, हेरोद, बालकांची कत्तल, इजिप्तला पलायन, आणि जॉर्डन नदीतला येशूचा बाप्तिस्मा. कत्तलीच्या फळीपाशी मी थांबले नाही. बाप्तिस्म्याच्या फळीपाशी थांबले. शिल्पकारानं नदी आडवी वाहती न दाखवता उभी दाखवली आहे, लाटांच्या रेघा येशूच्या अंगाभोवती वर वर चढत गेलेल्या. मध्ययुगात पाणी असंच कोरायचे. म्हणजे भिंतीच्या पलीकडे दान्ते पाणी वर जाऊ शकत नाही असं सिद्ध करत होता, तेव्हा भिंतीच्या अलीकडे ते शंभरेक वर्षं वरच उभं होतं.

पाणी उभं राहण्याची व्हेरोनाची स्वतःची गोष्टही आहे. ५८९ मध्ये आदिजेला महापूर आला. पोप ग्रेगरीनं लिहून ठेवलं आहे की संत झेनोच्या चर्चभोवती पाणी खिडक्यांपर्यंत चढलं, दारं सताड उघडी होती, तरी ते आत शिरलं नाही. दाराशी भिंतीसारखं थबकलं. आत अडकलेले लोक दाराजवळ जाऊन ते पाणी पीत होते. झेनो हा याच गावाचा संत, चौथ्या शतकातला बिशप. ज्या श्रोत्यांसमोर दान्ते बोलला त्यांच्यापैकी बहुतेकांना ही कथा पाठ असणार. एखादा उठून म्हणाला असेल का, ‘महाराज, आमच्या गावात तर उभं राहिलेलं आहे’? दान्तेनं विषयात ‘नैसर्गिक जागी’ हे शब्द घातले आहेत, त्यामुळे चमत्कार आपोआप बाहेर राहतो. हुशार माणूस.

बाहेर आलो तर मावशी रस्त्यातच उकिडवी बसलेली. मला वाटलं चक्कर आली. ती फरसबंदीकडे बघत होती. व्हेरोनाच्या रस्त्यांना, चौकांना, खांबांना सगळीकडे इथला लाल-गुलाबी दगड वापरलेला आहे. त्या दगडात गोगलगाईसारखी चक्रं दिसतात, काही बशीएवढी.

‘शाळिग्राम,’ मावशी म्हणाली.

बरोबर. अमोनाइट. गंडकीतल्या शाळिग्रामात जे चक्र असतं तेच, समुद्रातल्या प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म. व्हेरोनाचा हा दगड जुरासिक काळातल्या समुद्राचा तळ आहे. तो वर उचलला गेला, डोंगर झाला, खाणीतून निघाला आणि आता त्यावरून लोक आइस्क्रीम खात चालले होते. दान्तेच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पायाखाली होतं, अगदी शब्दशः. जमीन खरंच वर आली होती. मावशीनं पर्समधली पट्टी काढून एका चक्राची रुंदी मोजली. तिच्या पर्समध्ये पट्टी असते.

हा दगड काय सांगतो हे व्हेरोनातच कोणीतरी ओळखलं, ही मला विशेष वाटणारी गोष्ट. १५१७ च्या सुमारास इथल्या किल्ल्याच्या कामासाठी खोदताना दगडातले शंख मोठ्या संख्येनं निघाले. तेव्हा इथल्याच जिरोलामो फ्राकास्तोरोनं, तो वैद्यही होता आणि कवीही, म्हटलं की हे निसर्गाचे खेळ नव्हेत आणि नोहाच्या पुरानं आणून टाकलेलेही नव्हेत. हे प्राणी इथेच जगले, म्हणजे इथे समुद्र होता. दान्तेचं व्याख्यान छापून जेमतेम दशक लोटलं होतं. फ्राकास्तोरोचा पुतळा दान्तेच्या पुतळ्याच्या जवळच एका कमानीवर आहे, हातात गोळा घेतलेला. खालून जाणाऱ्या पहिल्या प्रामाणिक माणसाच्या डोक्यावर तो गोळा पडेल असं गावात सांगतात. आम्ही दोघी निर्धास्त खालून गेलो.

दान्ते त्या व्याख्यानानंतर दोन वर्षंही जगला नाही. रावेन्नाच्या राजाचा दूत म्हणून व्हेनिसला गेला, परतताना दलदलीच्या वाटेनं आला, ताप भरला, आणि सप्टेंबर १३२१ मध्ये रावेन्नात वारला. फ्लॉरेन्सला त्याची हाडंसुद्धा मिळाली नाहीत. मुलगा पिएत्रो मात्र व्हेरोनाचाच झाला. वकिली करून न्यायाधीश झाला आणि १३५३ मध्ये शहराच्या उत्तरेला व्हालपोलिचेल्लात जमीन घेतली. पुढे मुलीच्या बाजूनं आडनाव जोडून सेरेगो आलिगिएरी झालेलं ते घराणं अजून तिथेच आहे आणि त्या जमिनीवर द्राक्षं पिकतात.

संध्याकाळी एका दुकानात ती बाटली दिसली. मावशी दारू पीत नाही, पण लेबलावरचं आडनाव वाचून तिनं बाटली दोन्ही हातांत धरली. ‘घेऊया,’ म्हणाली, ‘हॉलमध्ये ठेवू. आले-गेले विचारतील.’ मग तिनं चष्मा वर करून किंमत वाचली, मनात रुपये केले आणि बाटली जिथून उचलली होती तिथेच, लेबल बाहेरच्या बाजूला येईल अशी, नीट ठेवून दिली.